'सेशन संपलं' म्हणतं, पण बिघाड भलतीकडेच: माटोळी स्पर्धेचे फोटो, लॉगिन आणि फाईलची मालकी

प्रश्न थोडक्यात असा आहे. फोंडा तालुक्यातल्या एका गावच्या मंडळाने चवथीला (गणेश चतुर्थीला) घरगुती माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पाला बांधून सजवलेली चौकट, यांची स्पर्धा ठेवली आहे. प्रत्येक घराने माटोळीचे चार फोटो आणि बांधलेल्या फळा-पाल्याची यादी पाठवायची, परीक्षकांनी ते घरबसल्या बघून पहिली चाळण लावायची. विचारणाऱ्या मुलाने पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरून शेअर्ड होस्टिंगवर (एकच सर्व्हर अनेकांत वाटलेला) अ‍ॅप उभं केलं. गावातल्या पंधरा-वीस जणांना ते वापरायला दिलं, तर तीन तक्रारी आल्या. काहींनी फोटो जोडून 'पाठवा' दाबलं की 'तुमचं सेशन संपलं आहे, पुन्हा लॉगिन करा' असं येतं आणि टाईप केलेली यादी जाते. काहींची यादी पोचते, फोटो पोचत नाही, आणि एररही दिसत नाही. आणि एका पोराने पानाच्या वेब-पत्त्यातल्या 17 चे 18 केले, तर शेजारच्या घरची माटोळी उघडली. शिवाय एक सरळ प्रश्न: फोटो डेटाबेसमध्ये ठेवू की फोल्डरमध्ये?

'अरे-तुरे केलंत तरी चालेल' असं तूच लिहिलं आहेस, तर तसंच लिहितो.

पहिल्या तक्रारीवर तुला सगळ्यांनी सेशनची मुदत वाढवायला सांगितलं. तू ती एक दिवसाची केलीस आणि काडीचा फरक पडला नाही. पडणारच नव्हता, कारण सेशन, म्हणजे सर्व्हरने ठेवलेली लॉगिनची आठवण, ठणठणीत आहे. हे बघायला कोड उघडायचीही गरज नाही. तो संदेश आला की त्याच ब्राउझरमध्ये दुसऱ्या टॅबवर मुख्य पान उघड. तुझ्या कोडने स्वतःहून लॉगआऊट केलं नसेल, तर वर कोपऱ्यात नाव तसंच दिसेल.

झालंय काय, ते हिशेबात बघ. हल्लीच्या फोनचा एक फोटो सहज 3 एमबीचा. चार फोटो म्हणजे 12 एमबी. पीएचपीची 'पोस्ट मॅक्स साईझ' ही मर्यादा मुळात 8 एमबी असते, आणि तू ती बदललेली नाहीस. विनंती त्यापेक्षा मोठी आली की पीएचपी जास्तीचा भाग कापून बाकीचं ठेवत नाही. पोस्ट (फॉर्ममधला मजकूर) आणि फाईल्स, दोन्ही ॲरे, म्हणजे याद्या, रिकामे करून तुझ्या हातात देतं. फॉर्ममध्ये तू सीएसआरएफ टोकन (फॉर्म तुझ्याच पानावरून आला याची खूण) लपवून ठेवलं आहेस, चांगलं केलंस, तेही त्या पोस्टबरोबर गेलं. तुझा कोड टोकन शोधतो, ते सापडत नाही, आणि 'टोकन नाही म्हणजे सेशन संपलं' असं समजून माणसाला दारातून परत पाठवतो. पोस्टमनने पाकीटच टाकून दिलं आणि आपण घरमालक बदलला असं समजलो, त्यातली गत.

म्हणून टोकन तपासण्याच्या आधी एक तपासणी घाल: विनंती पोस्ट आहे, कंटेंट लेंग्थ (विनंतीचा आकार) शून्याहून जास्त आहे, आणि तरीही पोस्ट ॲरे रिकामा आहे. असं असेल तर संदेश सेशनचा द्यायचा नाही, 'फोटो फार मोठे आहेत' असा द्यायचा. या चार ओळींनी तुझे निम्मे फोन बंद होतील.

दुसरी तक्रार याच झाडाची दुसरी फांदी. 'अपलोड मॅक्स फाईलसाईझ' मुळात 2 एमबी आहे. एकच फोटो जोडला आणि तो 3 एमबीचा निघाला, तर एकूण विनंती 8 च्या आत राहते, त्यामुळे यादी पोचते, टोकनही पोचतं. फोटोच्या जागी मात्र फक्त एरर कोड 1 येतो. तू तो कोड वाचतच नाहीस. तात्पुरत्या फाईलचं नाव रिकामं आलं की पुढे निघून जातोस. 0 म्हणजे ठीक, 1 म्हणजे मर्यादेपेक्षा मोठी, 3 म्हणजे अर्धीच आली, 4 म्हणजे फाईल जोडलीच नव्हती, 6 आणि 7 म्हणजे सर्व्हरच्या डिस्कची भानगड. प्रत्येकाला वेगळं मराठी वाक्य लिही. 3 आला तर 'नेटवर्क तुटलं, पुन्हा प्रयत्न करा' हे सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या वाड्यावरच्या माणसाला लगेच समजतं. 'अपलोड फेल्ड' वाचून तो तुलाच फोन लावणार.

काहींचे फोटो मात्र विनातक्रार का जातात, हे तुला पडलेलं कोडं मी पैजेवर सोडवतो. ते फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले असणार. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून काहीशे केबीवर आणतं. तू स्वतः चाचणी घेतलीस तीही गॅलरीतल्या अशाच फोटोंवर घेतली असशील.

मर्यादा वाढवणं सोपं आहे: सीपॅनेल या होस्टिंगच्या नियंत्रण-पानातून, किंवा डॉट यूजर डॉट आयएनआय या फाईलमधून. दुसरा मार्ग घेतलास तर बदल लगेच दिसला नाही म्हणून घाबरू नकोस. पीएचपी ती फाईल दर 300 सेकंदांनीच पुन्हा वाचतं, पाच मिनिटं चहा घे. एका फाईलला 12 एमबी, एकूण विनंतीला 16 एमबी ठेव. एकूण मर्यादा नेहमी एका फाईलच्या मर्यादेपेक्षा मोठीच हवी. होस्टिंगवाल्याने पुढे एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर बसवला असेल तर त्याची स्वतःची मर्यादा मुळात 1 एमबी असते. तिथे अडकलं तर 413 क्रमांकाचा एरर येतो आणि तुझ्या पीएचपीला कळतही नाही की कुणी दारात येऊन गेलं.

पण नुसती मर्यादा वाढवून मी थांबणार नाही. बहुतेक घरांत गणपती दीड दिवसाचा. माटोळीतला चिबूड, तोरंजन, सुपारीचे घोस दुसऱ्या दिवशी उतरतात. फोटो गेला नाही तर 'उद्या पुन्हा काढा' म्हणायची सोय नाही. फोनमध्ये तो असेलही, पण मुंबईहून आलेल्या चुलतभावाने काढला असेल तर तो फोनसकट परतीच्या गाडीत. तेव्हा तुझ्या अ‍ॅपमध्ये एकदा निवडलेला फोटो हरवता कामा नये, ही पहिली अट.

त्यासाठी चार फोटो आणि यादी एकाच फॉर्ममधून एकदम पाठवणं सोडून दे. फोटो निवडला की तो एकटाच, तिथल्या तिथे, जावास्क्रिप्टने वर जाऊ दे. सर्व्हरने त्याचा आयडी परत द्यावा, स्क्रीनवर छोटा फोटो आणि 'पोचला' असं दिसावं. माणूस तोवर निवांत यादी टाईप करतो. शेवटी 'पाठवा' दाबलं की फॉर्मबरोबर फक्त ते आयडी जातात, काही बाईटांचं काम. चौथा फोटो तुटला तर आधीचे तीन सुरक्षित. वर जायच्या आधी ब्राउझरमध्येच कॅनव्हास (चित्र काढायची सोय) वापरून फोटो 2000 पिक्सेल रुंदीपर्यंत आणलास तर 3 एमबीचे पाचेकशे केबी होतात. माटोळीतली सुपारी मोजायला तेवढं पुरतं. यादीचा मजकूर दर काही सेकंदांनी लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या स्वतःच्या साठवणीत, टाक. तिथे फोटो ठेवायला जाऊ नकोस, ती जागा साधारण 5 एमबीत भरते.

आता खरोखर संपणाऱ्या सेशनबद्दल, कारण तेही होणारच. पीएचपीचं सेशन मुळात 1440 सेकंद, म्हणजे 24 मिनिटं स्पर्श झाला नाही तर साफसफाईला पात्र ठरतं. 'पात्र' म्हणतो, कारण झाडू कधी फिरेल ते ठरलेलं नसतं. शेअर्ड होस्टिंगवर आणखी एक गंमत आहे. सगळ्यांची सेशन एकाच फोल्डरमध्ये पडत असतील तर ज्याने सगळ्यात कमी मुदत ठेवली आहे, त्याचा झाडू तुझीही सेशन उचलतो. तू मुदत एक दिवसाची कर नाहीतर महिन्याची. आपल्या खात्यात वेगळा फोल्डर कर आणि सेशन तिथे ठेवायला सांग. हे करूनच मुदतीला हात लाव.

आणखी एक, जे फारसं कुणी सांगत नाही. मोठी फाईल वर जात असताना तुझी स्क्रिप्ट चालूच झालेली नसते. सर्व्हर आधी सगळं सामान उतरवून घेतो, मग पीएचपीला हाक मारतो, मग सेशन स्टार्ट होतं. मंद नेटवर्कवर अर्धा तास अपलोड चाललं तर त्या अर्ध्या तासात सेशनला कुणी हात लावलेला नसतो. माणूस समोर बसून टक्केवारी बघतोय, आणि सर्व्हरच्या लेखी तो केव्हाच उठून गेला. एकेक फोटो वेगळा पाठवलास की हा त्रासही आपोआप कमी होतो.

तरीही सेशन संपलंच, तर लॉगिनच्या पानावर ढकलू नकोस. ब्राउझर त्या वळणावर पोस्टमधलं सगळं टाकून साध्या गेटने पुढे जातो, आणि फाईल निवडण्याचा चौकोन सर्व्हरला परत भरून देता येत नाही. सुरक्षेसाठी ब्राउझर ते करूच देत नाहीत. त्यापेक्षा अपलोडच्या उत्तरात 401 ('आधी लॉगिन कर') पाठव, त्याच पानावर छोटी खिडकी उघडून पासवर्ड विचार, आणि लॉगिन झालं की जावास्क्रिप्टने तोच फोटो पुन्हा पाठव. पान हललेलं नसतं, म्हणून फोटो अजून हातात असतो. नव्या लॉगिनबरोबर नवं टोकन घ्यायला विसरू नकोस, नाहीतर फिरून पहिल्या तक्रारीवर येशील.

फोटो सर्व्हरवर पोचला की तू जीडी (पीएचपीची चित्रं हाताळणारी लायब्ररी) वापरून छोटी प्रत बनवतोस. इथे तुला अजून न आलेली चौथी तक्रार दबा धरून बसली आहे. डिस्कवरचा 3 एमबीचा जेपीईजी उघडला की मेमरीत प्रत्येक पिक्सेलला 4 बाईट लागतात. 4000 बाय 3000 चा फोटो म्हणजे 1 कोटी 20 लाख पिक्सेल, म्हणजे सुमारे 48 एमबी. तो सरळ करायला फिरवलास की दुसरी प्रत, 96 एमबी. पीएचपीची मेमरी मुळात 128 एमबी. इथवर कसंबसं निभावतं. पण कुणी 8000 बाय 6000 च्या मोडवर फोटो काढला तर एकाच प्रतीला 192 एमबी, आणि पांढरं पान. म्हणून फोटो उघडायच्या आधी नुसत्या लांबी-रुंदीची विचारणा कर, गेट इमेज साईझ ते फाईलच्या डोक्यावरून वाचतं, आणि फार मोठा असेल तर सभ्य शब्दांत नकार दे. छोटी प्रत बनवायला घेण्याआधी सेशन राईट क्लोज कर. नाहीतर ते काम चालेपर्यंत त्या माणसाचं सेशन कुलूपबंद राहतं आणि त्याचे बाकीचे तीन फोटो रांगेत ताटकळतात. आयफोन 2017 पासून एचईआयसी प्रकारात फोटो काढतात, ते जीडीला उघडत नाहीत. ब्राउझरमध्ये जेपीईजी झाला तर उत्तम, नाहीतर स्पष्ट सांग.

आता तिसऱ्या तक्रारीकडे येतो. तू ती शेवटी, 'हेही जरा बघा' म्हणून लिहिली आहेस. मी ती सगळ्यात वर ठेवली असती.

2012 मध्ये मी एका संस्थेसाठी भरतीचे अर्ज ऑनलाईन घेणारं अ‍ॅप केलं होतं. लॉगिन झकास होतं, पासवर्ड हॅश केलेले (मूळ शब्द परत न मिळणाऱ्या रूपात), सगळं पुस्तकी. एका सकाळी म्हापशाच्या बसस्टँडवर असताना एका उमेदवार मुलीचा फोन आला. आवाजात राग नव्हता, गोंधळ होता. 'सर, मी माझं नाव गुगलवर टाकलं तर मी भरलेला अर्ज दिसतो. पत्ता, जन्मतारीख, वडिलांचा फोन, सगळं.' मी तिथल्या तिथे मोबाईलवर बघितलं. तिचा अर्ज तर होताच, खाली आणखी कितीतरी होते. अर्जांच्या पीडीएफ मी पब्लिक एचटीएमएल, म्हणजे वेबवर सगळ्यांना उघडा असलेला फोल्डर, त्याच्या आतल्या फोल्डरमध्ये, अर्जक्रमांकाच्या नावाने ठेवल्या होत्या, आणि फोल्डरची यादी उघडी होती. त्या फोल्डरचा दुवा कुठून तरी बाहेर गेला आणि गुगलचा बॉट आत शिरला. लॉगिनचं पान त्याला लागलंच नाही, कारण फाईलच्या वाटेवर ते नव्हतंच. फोल्डर मी तासाभरात हलवला. शोधातल्या प्रती नाहीशा व्हायला बरेच दिवस लागले. त्या मुलीला काय सांगायचं ते मला तेव्हा सुचलं नाही, आजही सुचत नाही.

तेव्हापासून फाईल घेणारं कुठलंही काम हातात आलं की मी एकच प्रश्न आधी कागदावर लिहितो: ही फाईल कुणाची, आणि ते मी कुठे नोंदवलं आहे? तू फाईल अपलोड आणि लॉगिन हे दोन वेगळे विषय धरून चाललास, म्हणून 17 चे 18 झाले. लॉगिन फक्त 'हा कोण' एवढं सांगतं. 'ही याचीच का' हे दर वेळी, दर फाईलला, वेगळं विचारावं लागतं. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेने 2021 च्या यादीत वेब अ‍ॅपच्या धोक्यांमध्ये पहिला क्रमांक याच चुकीला दिला होता, तेव्हा तू काही एकटा नाहीस.

तुझ्या टेबलात वापरकर्त्याच्याच ओळीत फोटो 1, फोटो 2 असे रकाने आहेत. म्हणजे एक लॉगिन म्हणजे एक घर, असं तू धरलंस. गावात तसं नसतं. वाड्यावरचा एखादा कॉलेजला जाणारा मुलगा पाच घरांचे फोटो आपल्या फोनवरून चढवणार, कारण आजीकडे साधा फोन आहे आणि काकांना फॉर्म भरायचा कंटाळा. दुसरीकडे एकाच मूळ घराच्या माटोळीवर दोन भाऊ दोन लॉगिनमधून हक्क सांगणार. म्हणून टेबलं तीन कर: वापरकर्ते, प्रवेशिका, फोटो. फोटोच्या ओळीत तो कुणी चढवला आणि कुठल्या प्रवेशिकेचा, दोन्ही. प्रवेशिका आणि वापरकर्ते यांच्यामध्ये चौथं छोटं टेबल, कुणाला कुठल्या प्रवेशिकेत काय करता येतं ते सांगणारं. आज हे जास्तीचं वाटेल. स्पर्धेच्या रात्री 'आमच्या बंड्याच्या लॉगिनमधून गेलंय, नाव आमचं लावा' असा फोन येईल तेव्हा एक ओळ घालून काम होईल.

मग फोटो दाखवणारी स्क्रिप्ट. तिथे 'आयडी 18 चा फोटो आण' अशी क्वेरी (डेटाबेसला विचारणा) लिहायचीच नाही. 'आयडी 18 चा, आणि या वापरकर्त्याला ज्या प्रवेशिका दिसतात त्यांतला फोटो आण' अशी लिहायची. अट क्वेरीतच असली की विसरायला जागा राहत नाही. सापडला नाही तर 404 ('नाही सापडलं') दे. 403 ('परवानगी नाही') दिलास तर 'आहे, पण तुला नाही' एवढी बातमी फुकट जाते. 'पाठवा' दाबल्यावर फॉर्ममधून येणारे फोटोंचे आयडीही याच चाळणीतून काढ. नाहीतर एखादा हुशार पोरगा शेजाऱ्याच्या फोटोचा आयडी आपल्या प्रवेशिकेत घालील आणि शेजाऱ्याच्याच माटोळीवर बक्षीस नेईल. छोट्या प्रतींनाही तोच नियम. मूळ फोटो कुलपात आणि छोट्या प्रती उघड्या फोल्डरमध्ये, असं मी अनुभवी लोकांच्या कामातही बघितलं आहे.

आता तुझा सरळ प्रश्न. फोल्डरमध्ये ठेव. डेटाबेसमध्ये ठेवलेस तर बॅकअप फुगतो, आणि घाईत रकान्याचा साधा ब्लॉब (फाईल साठवायचा) प्रकार निवडलास तर त्यात 64 केबीच मावतात. ढिल्या सेटिंगच्या मायएसक्यूएलवर त्यापुढचा फोटो मुकाट्याने कापला जातो, वर देव्हारा दिसतो आणि खाली करडा पट्टा. पण फोल्डर पब्लिक एचटीएमएलच्या बाहेर हवा. सीपॅनेलमध्ये त्याच्या शेजारीच नवा फोल्डर करता येतो. ब्राउझरने सरळ पत्ता टाकून तिथे पोचायची सोयच नसली की अर्ध्या चिंता मिटतात. कुणी फोटोच्या नावाखाली पीएचपीची फाईल चढवली तरी ती चालवायला वाट नाही.

फाईलचं नाव माणसाने दिलेलं ठेवू नकोस. रँडम बाईट्समधून 32 अक्षरी नाव बनव, मूळ नाव हवंच तर डेटाबेसच्या रकान्यात. याला तीन कारणं आहेत, आणि तिसरं तुझ्या स्पर्धेचं खास. पहिलं, नावात तिरप्या रेघा आणि टिंबं घालून दुसऱ्या फोल्डरमध्ये शिरायचा खेळ जुना आहे. दुसरं, आपली देवनागरी. यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत आपल्या प्रत्येक चिन्हाला 3 बाईट लागतात, काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजून. 'माटोळी' हा दिसायला तीन अक्षरी शब्द 18 बाईटांचा आहे. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी4 फाईलसिस्टीमवर नावाला 255 बाईटांची हद्द, म्हणजे 85 चिन्हं. 'आमच्या मूळ घरची माटोळी चवथीच्या दिवशी सकाळी आरतीच्या आधी देव्हाऱ्यासमोरून काढलेला फोटो' असं नाव देणारे लोक असतात, आणि त्यात आणखी दोन-तीन शब्द घातले की हद्द ओलांडली जाते. तिसरं, परीक्षकांना घराचं नाव कळू नये असं तुमच्या नियमात आहे ना? मग फोटो डाऊनलोड करताना मूळ नाव दिसलं की सगळी गुप्तता संपली. परीक्षकाला 'प्रवेशिका 23, फोटो 2' एवढंच नाव जाऊ दे.

फाईल खरंच फोटो आहे का, हे ब्राउझरने पाठवलेल्या प्रकारावरून ठरवू नकोस. तो पाठवणाऱ्याच्या हातात असतो. पीएचपीचं फाईलइन्फो फाईलच्या आतले पहिले बाईट बघून सांगतं. जेपीईजी नेहमी एफएफ डी8 एफएफ या तीन बाईटांनी सुरू होतो. तेही फसवता येतं, म्हणून अखेरचा उपाय म्हणजे फोटो उघडून नव्याने जेपीईजी म्हणून जतन करणं, आणि मूळ टाकून देणं. जे फोटो नाही ते उघडणारच नाही. एसव्हीजी तर घेऊच नकोस, त्यात स्क्रिप्ट लपवता येते. फोटो बाहेर पाठवताना कंटेंट टाईप स्वतः लिही, 'नोस्निफ'चा हेडर (ब्राउझरने प्रकाराचा अंदाज बांधू नये ही सूचना) लाव, आणि कॅशला 'प्रायव्हेट' सांग, म्हणजे मधल्या कुठल्या सर्व्हरने एकाचा फोटो दुसऱ्याला वाढायला नको.

नव्याने जतन करण्याचा आणखी एक मोठा फायदा आहे, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. फोनच्या फोटोत एक्झिफ नावाची माहिती असते. लोकेशन चालू असेल तर त्यात घराचे अक्षांश-रेखांश, आणि काढल्याची वेळ. चवथीला पणजी-मडगावचे फ्लॅट बंद करून माणसं मूळ घरी जातात. कुणाचं मूळ घर कुठे आणि घरचे सगळे कधी तिथे होते, हे फोटोसोबत वाटत फिरायचं कारण नाही. जीडीने जतन केल्यावर ते सगळं गळून पडतं. पण फोटो उभा की आडवा हेही तिथेच लिहिलेलं असतं, तेव्हा ते आधी वाचून फोटो फिरव आणि मगच जतन कर, नाहीतर निम्म्या माटोळ्या भिंतीवर टांगल्यासारख्या दिसतील.

लॉगिनबद्दल थोडक्यात. तू ओटीपी एसएमएसने पाठवायचं म्हणतोस, पण ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार त्यासाठी डीएलटी या नोंदणी व्यवस्थेवर संस्था, हेडर आणि मजकुराचा साचा नोंदवावा लागतो. मंडळाला एका चवथीसाठी हे झेपणार नाही. फोन नंबर आणि पासवर्ड ठेव, विसरला तर स्वयंसेवकाने बदलून द्यावा. पासवर्ड हॅश हे पीएचपी 5.5 पासूनचं फंक्शन वापर, स्वतःची शक्कल लढवू नकोस. त्यातली बीक्रिप्ट ही हॅशची पद्धत पहिले 72 बाईटच बघते. मराठीत पासवर्ड लिहिणाऱ्याला म्हणजे 24 चिन्हं, पुरेशी आहेत. लॉगिन झाल्याबरोबर सेशनचा आयडी बदल. सेशनच्या कुकीला एचटीटीपी ओन्ली, सिक्युअर आणि सेमसाईट लॅक्स ही तीन बंधनं लाव. 'मी परीक्षक आहे' हे सेशनमध्ये एकदाच लिहून निवांत बसू नकोस. एखाद्या परीक्षकाच्या मेहुण्याचीच प्रवेशिका निघाली आणि त्याला काढावं लागलं, तर त्या क्षणापासून त्याला फोटो दिसणं बंद झालं पाहिजे. म्हणून अधिकार दर विनंतीला डेटाबेसमधून वाच. दोनशे प्रवेशिकांच्या अ‍ॅपला त्याचा भार काहीच नाही.

तुझं मायएसक्यूएलचं टेबल 'यूटीएफ8' आहे, ते 'यूटीएफ8एमबी4' कर. देवनागरी जुन्यात मावते, पण यादीच्या शेवटी लोक हात जोडलेली इमोजी टाकणार, तिला 4 बाईट लागतात, आणि सगळी यादी अडकणार.

शेवटची तारीख तू 'चवथीच्या दुसऱ्या दिवशी रात्री 12' ठेवली आहेस आणि तुलना सर्व्हरच्या घड्याळाशी करतोस. सर्व्हर बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर आहे, आपल्या साडेपाच तास मागे. म्हणजे तुझी खिडकी पहाटे साडेपाचला बंद होईल, पदेर पाव घेऊन दारात येईपर्यंत लोक फोटो चढवत बसतील, आणि वेळेत पाठवलेले भांडायला येतील. वेळेचा पट्टा एशिया कोलकाता असा कोडमध्ये लिहून टाक आणि डेटाबेसच्या जोडणीलाही तोच सांग. अपलोड बारा वाजायच्या आधी सुरू झालं आणि नंतर पोचलं तर काय करायचं, हे मंडळाकडून आधी लिहून घे. मी दहा मिनिटांची सवलत ठेवतो आणि ती कुणाला सांगत नाही.

सुरू करायच्या आधी दोन फोन घे, दोन वेगळी लॉगिन. एकावरून फोटो चढव, त्याचा पत्ता दुसऱ्यावर चिकटव. मग तोच पत्ता लॉगआऊट करून उघड. मग छोट्या प्रतीचा पत्ता. मग चार मोठे फोटो कॅमेऱ्यातून थेट, मोबाईल डेटावर, आणि दुसरा फोटो जाताना एअरप्लेन मोड लाव. हे सगळं जमलं की गावाला लिंक दे, आणि त्या रात्री एरर लॉग उघडा ठेवून बस.